कुशाबाच्या चंचीतला दात

टण्‌!

जेवताना कुणी बोलायचं नाही, असा कुशाबाच्या घरचा नेम होता. चाळीस वर्षं मेंढरांच्या बेंबाट्यात काढलेल्या माणसाला दोन घास तरी शांततेत मिळावेत, एवढंच त्याचं मागणं. मेंढरं कोंडून झाली की दिवेलागणीला सगळी एका रांगेत बसायची, आणि भाकरी मोडल्याचा, कालवण भुरकल्याचा काय तो आवाज व्हायचा. त्या शांततेत प्रांजलच्या स्टीलच्या ताटलीत काहीतरी टण्‌कन पडलं.

सगळ्यांनी माना वळवल्या. आमटीत भाताच्या शितासारखं काहीतरी पांढरं चमकत होतं. आणि त्या दिवशी घरात भात शिजलेला नव्हता.

"अगं बया बया!" कुशाबाच्या बायकोनं, गजराबाईनं, नेमबीम सोडून कपाळाला हात लावला. "दात पडला माझ्या बायचा! सहाची झाली पोरगी!"

प्रांजलनं जिभेनं चाचपून बघितलं. समोर, खाली, एक खिडकी उघडली होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, तोंड उघडलंही होतं. पण भागूनं तेवढ्यात त्यात भाकरीचा घास कोंबला.

भागू म्हणजे प्रांजलची आई, गजराबाईची एकुलती एक सून. तिला दोन गोष्टी ठाऊक होत्या. पहिली ही की, तो दात आपला आपण पडलेला नव्हता. दुपारी कोकराच्या मागं पळता पळता प्रांजलनं वाघुरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, ती पाणी पितात त्या दगडी डोणीवरून उडी मारली होती आणि डोणीच्या काठावर तिचं तोंड आपटलं होतं. भागूनं रक्त धुतलं, चिमूटभर साखर दिली आणि "आजीला सांगू नगं" म्हणून बजावलं. त्यात कावा कसला नव्हता. सासूनं दोघींनाही धारेवर धरलं असतं, म्हणून एवढंच. दात तेव्हा नुसता हलत होता. आता तो आमटीत होता.

दुसरी गोष्ट ही की, प्रांजल सहाची नव्हती. पाचाची होती, वर चार महिने. माळशेज घाट उतरून मुरबाडकडं मेंढरांचा वाडा बसला होता तेव्हा, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, कुणा अनोळखी माणसाच्या वावरात ती झाली. आजूबाजूला दोनशे मेंढरं, आणि सुईण म्हणून गजराबाई. कागद ना पेन. भागूनं जुन्या लुगड्याची एक छोटी गोधडी शिवली, आणि तेव्हापासून दर शिवरात्रीला ती गोधडीच्या कडेला लाल दोऱ्याची एक टीप घालत आली. अशा पाच टिपा झाल्या होत्या. सहावीला अजून आठ महिने अवकाश होता.

या दोन्ही गोष्टी तिनं तिथल्या तिथं सांगून टाकल्या असत्या तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण जेवताना बोलायचं नाही, असा नेम होता. भागूनं तो नेम त्या दिवशी अगदी काटेकोर पाळला.

आता पाच की सहा, यावर एवढं काय अडलं होतं? तर आठवड्यापूर्वी चांगदेव गुरुजी लूनावरून वाडीत येऊन गेले होते. ही वाडी शिनोलीच्या अलीकडं, ओढ्याच्या पल्याड. शाळा ओढ्याच्या अल्याड, एका खोलीची. गुरुजी पोरं गोळा करत फिरत होते. "सहा पूर्ण असेल तर नाव घालू," असं म्हणाले. कुशाबा म्हणाला, "पाच का सहा ते मला ठावं न्हाई, आन् ठावं नसताना मी सांगायचो न्हाई." झालं. गुरुजींनी लूना फिरवली.

नाव लागलं तर दिवाळीनंतर प्रांजल वाडीत राहणार होती आणि तिला सांभाळायला भागूही राहणार होती. नाही लागलं, तर मेंढरांबरोबर घाट उतरून कोकणात. पुढच्या साली बघू, असं प्रांजलचा बाप राघू म्हणाला होता. पण पुढच्या साली पोरीच्या हातात काठी येणार, पाच-सहा कोकरं तिच्या नावावर होणार. एकदा कोकरांची काठी हातात आली की ती काढून पाटी देणारा माणूस त्यांच्या भावकीत अजून जन्मला नव्हता. भागूला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तिच्या हातातली पाटीही अशीच गेली होती. ती दुसरीत होती. तिचा बापही "बघू"च म्हणाला होता.

कुशाबानं ताट बाजूला सारलं आणि न बोलता हात पुढं केला. प्रांजलनं आमटीतून दात काढून त्याच्या तळहातावर ठेवला. म्हाताऱ्यानं तो धोतराला पुसला, दिव्याकडं धरला, उलटा केला, सुलटा केला.

आता कुशाबा आणि दात, हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. मेंढराचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली करायचा आणि वय सांगायचं: अजून दुधाचे, दोन दाती, चार दाती, जुळलेली. ही विद्या सगळ्याच धनगरांना येते; पण कुशाबाला ती जरा जास्तच येत होती. बेल्ह्याच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं म्हाताऱ्या मेंढीचे दात कानशीनं घासून तिला तरणी करून आणलं होतं. कुशाबानं तोंडात बोट घातलं आणि म्हणाला, "हिला नात झाली असंल." तेव्हापासून टेम्पोवाले, मोटरसायकलवाले, कुणाचा मेंढरांचा सौदा अडला की म्हणायचे, कुशाबाला बोलवा. तो म्हणेल ते दोन्ही बाजू मान्य करायच्या.

गजराबाई तोवर शेणाचा गोळा घेऊन आली होती. दुधाचा दात शेणात घालून कौलावर फेकायचा, म्हणजे नवा चांगला येतो.

"आणा हिकडं."

"ऱ्हाऊ दे," कुशाबा म्हणाला. त्यानं चंची सोडली, पान तोंडात टाकलं, त्याच्याच एका तुकड्यात दात गुंडाळला, सुपारीच्या कप्प्यात ठेवला आणि चंची पुन्हा कनवटीला लावली.

"आवं, दात काय सुपारी हाय व्हय? चुकून चावाल!"

"माझं किती दात ऱ्हायल्यात चावाय?"

गजराबाई गप्प बसणारी नव्हती. "मंग आता तरी जा गुरुजीकडं. पोरगी सहाची झाली, देवानंच सांगितलं."

"पटतंय आईचं," राघू म्हणाला.

राघूचं हे असं होतं. त्याला सगळ्यांचंच पटायचं, आणि शेवटी जो बोलला त्याचं जास्त पटायचं. गजराबाईचं निराळं, ती मानायची. म्हसोबा मानायची, कावळ्याचं ओरडणं मानायची, उजवा डोळा लवला तर तेही मानायची, आणि एकदा मानलं की त्यावर पुन्हा विचार म्हणून नाही. कुशाबाचं तिसरंच. त्याला सहसा काही पटायचं नाही, तो पटकन काही मानायचा नाही. पण वर्षा-दोन वर्षांतून एकदा तो "कबूल" म्हणायचा, आणि मग जग इकडचं तिकडं झालं तरी ते फिरायचं नाही. लग्न होऊन या घरात आल्यावर वर्षभरात भागूला हे तिन्ही कळलं होतं. मीठ मागायचं तर राघूला, नवस बोलायचा तर सासूला. आणि खरोखर काही हवं असेल तर म्हाताऱ्याच्या तोंडून तो एक शब्द निघेपर्यंत वाट बघायची.

"कोकराचा दात पडला की मी डोळं झाकून सांगतो," कुशाबा सावकाश म्हणाला. "मानसाचं मला म्हाईत न्हाई."

"मेंढराला येक न्याव आन् नातीला दुसरा?"

कुशाबानं पान चघळलं.  मग म्हणाला, "उद्या जाऊ शाळंत. भागू, तू बी चल."

पहाटे चूल पेटवायच्या आधी भागूनं पेटीतून गोधडी काढली. पाच लाल टिपा. सुईत लाल दोरा ओवला, गोधडी मांडीवर घेतली. एक टीप, वीतभराची. कुणाला कळणार होतं? तिनं सुई टोचली आणि तिचा हात तिथंच थांबला. गुरुजींच्या वहीत कुणी काहीही लिहो. ही पोर अनोळखी वावरात जन्मली तेव्हा हिचं म्हणून जे काही लिहिलं गेलं, ते एवढंच. यात खोटं घालायचं तर मग खरं ठेवायचं कुठं? तिनं सुई काढून घेतली आणि गोधडी घडी करून अगदी तळाशी, लग्नातल्या शालूखाली सरकवली.

पोरीला मात्र तालीम दिली. शाळेत वय बघायची रीत सगळ्यांना ठाऊक होती: उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाती आला की सहा. प्रांजलचा हात कानाच्या वर दोन बोटं थांबत होता.

"आई, मान वाकडी केली की पोचतो बघ!"

"मग हळूच कर. लई नगं करू."

"आन् दात कसा पडला इचारलं तर?"

भागूनं पोरीची वेणी घालता घालता जरा विचार केला. खोटं बोल, हे तिच्या तोंडून निघेना. "मोठी मानसं बोलत असली की आपण मधी बोलायचं न्हाई," ती म्हणाली. घरच्या नेमांचा असा उपयोग होतो, हे तिला कालच कळलं होतं.

शाळेच्या पडवीत चांगदेव गुरुजी वही उघडून बसले होते. महाळुंगे पडवळचा माणूस, गोलसर, घामट, आणि त्या दिवसांत फार काळजीत. पटावर एकोणीस पोरं होती. वीस झाली तर दुसऱ्या बाईंची जागा टिकणार होती. नाहीतर चारही वर्ग एकट्या गुरुजींच्या गळ्यात. कुशाबाबरोबर चिमुरडी पोर येताना दिसली तशी त्यांचा चेहरा बाजारात गिऱ्हाईक दिसल्यासारखा फुलला.

"या कुशाबा, या! काय नाव बाळ तुझं? प्रांजल? वा! चल, कान धर बघू."

प्रांजलनं हात डोक्यावरून नेला. दोन बोटं कमी. तिनं आईकडं बघितलं. गुरुजींना एकाएकी मोठा खोकला आला आणि ते तोंड फिरवून लांब डोंगराकडं बघायला लागले. तेवढ्यात प्रांजलनं मान हळूच वाकडी केली आणि कान चिमटीत पकडला.

"पोचला!" ती ओरडली.

"पोचला ना? झालं तर!" गुरुजी वळले.

"गुरुजी," कुशाबा म्हणाला, "मान वाकडी केलीया पोरीनं."

भागूनं चमकून म्हाताऱ्याकडं बघितलं. हा माणूस! स्वतःच्या नातीचीही गय करायचा नाही. बेल्ह्याचा बाजार काय आणि शाळा काय, याला सगळं सारखंच.

गुरुजींनी कपाळ पुसलं. "मान सरळ कर बाळ." मान सरळ झाली, कान सुटला. "हं. मग कुशाबा, जन्माची नोंद आहे का कुठं? ग्रामपंचायतीत?"

"मुरबाडाकडं झाली. नोंद मेंढरांस्नी ठावं."

"अहो, मला तुमचं सगळं पटतं. पण मला पटून काय उपयोग? उद्या वरून साहेब आले तर त्यांना मान्य झालं पाहिजे. कागद नसेल तर घरातल्या जाणत्या माणसाचं म्हणणं ग्राह्य धरता येतं. पण त्याला काहीतरी आधार लागतो."

'ग्राह्य' हा शब्द भागूनं पहिल्यांदाच ऐकला. मनातल्या मनात तिनं तो दोनदा म्हणून बघितला. पटणं वेगळं, मान्य होणं वेगळं आणि हे आणखी एक वेगळं. तिला वाटलं, घरात तीनच होते. इथं शाळेत तर खोलीभर दिसतायत.

कुशाबानं कनवटीची चंची काढली. दोरी सोडली. पानाचा तुकडा उलगडला आणि अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दात धरून गुरुजींच्या डोळ्यांपुढं नेला.

"हा काल पडला."

"अरे वा! द्या बघू."

गुरुजींनी हात पुढं केला. कुशाबानं हात मागं घेतला.

"हात नगा लावू. पैला दात हाय. परक्याचा हात लागत नसतो."

भागूनं मान वर केली. धनगराच्या पोटी जन्मली, धनगराच्या घरात आली, शेकडो रीतिभाती ऐकल्या, पाळल्या, मोडल्या; पण ही रीत तिनं आयुष्यात ऐकली नव्हती. तिनं म्हाताऱ्याच्या बोटांकडं बघितलं. चिमटीतून दाताचं नुसतं टोक बाहेर आलं होतं. पांढरं, गोल, तांदळाच्या दाण्याएवढं. बाकीचा दात त्या दोन काळ्या, घट्टे पडलेल्या बोटांत गडप झाला होता.

आणि तिला काल संध्याकाळची ताटली आठवली. आमटीतून निघालेला दात एवढासा नव्हता. त्याला खाली चांगलं लांब मूळ होतं, कोवळ्या मुळ्याच्या शेंड्यासारखं.

तिनं पदर तोंडावर घेतला. म्हाताऱ्याचा चेहरा बेल्ह्याच्या बाजारात असतो तसाच होता, दगडासारखा.

"पडला म्हणजे सहा झालीच," गुरुजी उत्साहानं म्हणाले. "माझ्या धाकटीचा सातव्यात पडला. मला पटलं!"

"पटलं न्हवं, मान्य हाय का सांगा."

"मान्य, मान्य! आणि आता तुम्ही सांगताय म्हटल्यावर ग्राह्यसुद्धा." गुरुजींनी लगेच टोपण काढलं. "जन्मतारीख एक जून लिहितो."

"येक जूनला काय झालं व्हतं?"

"काही नाही. ज्यांची ठाऊक नाही त्यांची एक जूनच लिहितात. माझीसुद्धा एक जूनच आहे."

"आन् शाळंतल्या दुसऱ्या बाईंची?"

"त्यांचीही."

कुशाबानं पडवीत खेळणाऱ्या पोरांवरून नजर फिरवली. "म्हंजी सगळा कळप एकाच दिशी व्याला म्हणा की."

गुरुजी हसले, पण पेन थांबलं नाही. मग त्यांनी एक छापील कागद काढला आणि तो वाचून दाखवला. वाचायची पद्धत होती, आणि गुरुजी पद्धतीचे होते. "...सदर जन्मतारीख माझ्या माहितीप्रमाणे खरी असून ती मला मान्य व कबूल आहे. इथं या चौकटीत अंगठा द्या." शाईची डबी पुढं आली.

कुशाबानं अंगठा शाईत बुडवला. कागदाजवळ नेला आणि थांबवला.

"खरी असून, हे खोडा."

"का हो?"

"कबूल हाय म्हणलं की झालं. त्याच्याम्होरं ते कशापायी?"

"कुशाबा, ते छापील आहे. छापलेलं मला खोडता येत नाही."

अंगठा हवेत तसाच राहिला. शाईचा एक थेंब पडवीच्या फरशीवर पडला. प्रांजल एकदा आजोबाकडं बघत होती, एकदा आईकडं, जीभ खिडकीतून बाहेर. भागूला वाटलं, झालं, गेलं सगळं. मान वाकडी केलेली ज्याला खपली नाही, तो माणूस 'खरी' या शब्दाखाली अंगठा कसा देईल? आता तो उठेल, चंची कनवटीला लावेल, पोरीचं बोट धरेल आणि दिवाळीनंतर माळशेज उतरेल. एकदा तिच्या जिभेवर आलं, की मामंजी, राहू द्या, सांगून टाकू. पण ते ओठांबाहेर पडेना, आणि पडू नये असंही तिला तितकंच वाटत होतं.

"गुरुजी," कुशाबा म्हणाला, "ह्यात कबूल कुठं लिवलंय?"

गुरुजींनी ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. "हे बघा. मा-न्य व क-बू-ल."

"निसतं कबूल?"

"हे एवढं."

कुशाबानं वाकून त्या शब्दाकडं बघितलं, कळपातली आपली मेंढी निवडावी तसं. मग चौकट सोडून, ओळ सोडून, बरोब्बर त्या एका शब्दावर त्यानं अंगठा दाबला. चांगला दाबला.

"अहो! चौकटीत, चौकटीत!"

"जितं द्यायाचा तितं दिला."

"शब्द दिसेना झाला की हो!"

"शब्दच हाय त्यो. मी कुठं खाल्ला?"

गुरुजींनी कागद उचलला, तिरपा धरला, फुंकर घातली. निळ्या ठशाखालून 'कबूल'चा नुसता ऊकार डोकावत होता. त्यांनी एकदा वहीतल्या एकोणीस नावांकडं बघितलं आणि कागद फाइलला लावला.

"ग्राह्य," ते म्हणाले आणि विसावं नाव लिहिलं.

तिघं परत निघाली. प्रांजल पुढं पळत होती, शाळेतून मिळालेला खडू मुठीत घट्ट धरून. ओढ्यात पाय घालता घालता भागूला राहवलं नाही.

"मामंजी, तुमाला ठावं व्हतं?"

"काय?"

"दाताचं."

कुशाबा पाण्यात उभा राहून शाईचा अंगठा दगडावर घासत होता. "आपसूक पडलेल्या दाताला मूळ ऱ्हात न्हाई, पोरी. कोकराच्या न्हाई आन् मानसाच्या बी न्हाई. ह्याला बघावं तर मुळ्यावानी मूळ. आन् पोरगी आपटल्याचं दडवायचं व्हतं तर डोणीच्या काठाचं रगत तरी पुसायचंस."

भागूच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "मंग काल का न्हाई बोलला?"

"जेवताना बोलायचं न्हाई."

तिला हसू आलं आणि रडूही. कुठलं आधी येऊ द्यावं ते कळेना. "पर तुमी तर कधी... बेल्ह्याला दुसऱ्याच्या मेंढराचं वय..."

"दुसऱ्याच्या मेंढराचं येक दीस बी वाढवलं न्हाई मी. ही माझी हाय." म्हाताऱ्यानं अंगठा उजेडात धरून बघितला. निळा रंग रेषांत बसला होता, निघत नव्हता. "आन् मला पटलं, आसं मी म्हणलो न्हाई. पोरगी सहाची हाय हे मानलं बी न्हाई. फकस्त कबूल केलं."

"त्यात काय फरक?"

"लगीन झालं तवा गजरा मला पटली न्हवती. लई बोलायची. वरीसभर मी तिला काई मानलं बी न्हाई. पर कबूल पैल्याच दिशी केली व्हती." तो पाण्यातून बाहेर आला. "चाळीस वर्सं झाली. अजून बोलती."

"सांगू का आत्याबाईंना?"

"सांग की. मंग मला जेवाय तू वाढ."

भागू खळखळून हसली. पुढं पळणारी प्रांजल थांबली आणि वळून बघू लागली. तिच्याकडं बघता बघता कुशाबाचा चेहरा जरासा उतरला.

"येकच हाय," तो म्हणाला. "घाट उतरल्यावर कोकरांची नावं कोण ठेवल? ह्या पोरीनं ठेवलेली नावं कोकरं ऐकत्यात. राघूनं मागल्या साली येकाला मोत्या म्हणलं, तर ते कोकरू दोन दीस पेलं न्हाई."

 भागूनं नुसती त्याच्या हातातली काठी घेतली, म्हणजे त्याला धोतराचा सोगा पिळायला दोन्ही हात मोकळे झाले.

श्रावण आला तरी दात चंचीतच होता. गजराबाई रोज शेणाचा गोळा दाखवायची आणि कुशाबा रोज म्हणायचा, "नवा आला की टाकीन." नवा काही येईना. गजराबाई प्रांजलचं तोंड उघडून बघायची, हिरडीवर बोट फिरवायची आणि विचारात पडायची.

"आवं, दोन महिनं झालं. सहाच्या पोरीला आतापतूर नवा फुटाय पायजे व्हता."

"सावकास येतोय," कुशाबा म्हणायचा.

"पटतंय आबाचं," राघू म्हणायचा.

"शेणात घाला म्हणलं व्हतं मी! ऐकलं न्हाई, आता बसा." मग ती म्हसोबाला खडीसाखर कबूल करायची आणि एकंदर तिचं समाधान व्हायचं. भागू आणि कुशाबा एकमेकांकडं मुद्दाम बघायचे नाहीत.

प्रांजलला मात्र शाळा लई मानवली. बोबडं बोलत, खिडकीतून वारा सोडत ती घरभर अंक म्हणत फिरायची. चुलीपुढची लाकडं मोज, मेंढरांचे पाय मोज, आजीच्या हातातल्या बांगड्या मोज. कुशाबानं तिला वाघुरीत नेऊन एकदा सगळी मेंढरं मोजायला लावली आणि चुकलेली तीन स्वतः गुपचूप बरोबर केली.

एका दुपारी सगळे बाहेर गेले होते. भागू पेटी उघडून उन्हाला कपडे टाकत होती. शालू काढला आणि खालून ती छोटी गोधडी निघाली. ती बाजूला ठेवायच्या आत प्रांजलनं ती ओढून घेतली, तिच्यावर पालथी पडली आणि कडेच्या लाल टिपांवर बोट ठेवत मोजायला लागली.

"येक. दोन. तीन. चार. पाच." बोट कडेवरून पुढं सरकलं. पुढं नुसतं कापड होतं. "आई, ह्या कशाच्या?"

"तुझ्या," भागू म्हणाली. नको बोलायला होतं, पण निघून गेलं. "येका वर्साची येक."

प्रांजलनं पुन्हा मोजल्या. मग उलट्या मोजल्या. शाळेत उलटं मोजायला नुकतंच शिकवलं होतं. दोन्हीकडून पाचच. ती उठून बसली. दाताच्या फटीत जीभ घालून थोडा वेळ तशीच बसली.

"पर गुरुजींच्या वहीत तर मी सहाची हाय."

"व्हय."

"म्हंजी मी पाचावरनं उडी मारली. डोणीवरनं मारली तशी."

भागूच्या हातातला शालू अर्धा उघडा, अर्धा घडीत तसाच राहिला. पोरीनं गोधडीच्या मोकळ्या कडेवर तळहात पसरला, जिथं सहावी टीप यायची होती तिथं.

"आई, मंग मधल्या त्या राहिलेल्या वर्सात मी काय काय करणार व्हते गं?"